पासिंग कुठलं?

दिगूकाका गुरव माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी गाडीच्या नंबरप्लेटकडे. एमएच अडतीस दिसलं, म्हणजे आपल्या हिंगोलीचं पासिंग, की त्यांचा चेहरा खुलायचा. मग चाकांखाली लिंबं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हार, नारळ, सगळं यथासांग. नांदेडचं सव्वीस किंवा पुण्याचं बारा दिसलं, तर तीच चार लिंबं गाडीवाल्याच्या हातात ठेवून म्हणायचे, "घरी न्या. सरबत करा."

आमचं गाव कळमनुरी तालुक्यातलं, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. वेशीवर मारुती, मारुतीची पूजाअर्चा दिगूकाकांकडे, आणि समोर माझं दुकान. मी पूर्वी नंबरप्लेटा रंगवायचो. सरकारी छापील प्लेटा आल्या आणि माझा ब्रश वाळून गेला. आता सीटकव्हरं विकतो. नवी गाडी पूजेला आली की मला गिऱ्हाइकाची आशा लागते, आणि काकांनी तिला वाटेला लावलं की माझंही नुकसान. वैतागून एकदा म्हणालो, "काका, मारुतीला काय घेणं हो पासिंगाचं?"

"मारुतीला न्हाई, रस्त्याला हाय. बराबर हाये की न्हाई?"

असं विचारून ते उत्तरासाठी थांबत नसत.

त्यांचं सगळं शास्त्र नारळावर चालायचं. नारळ फोडला की दोन्ही वाट्या दोन हातांत धरून ते सुरू होत. "तुमी गाडी घेतली, टॅक्स भरला. तो गेला मुंबईला. ही वाटी सरकारनं ठेवली. ही दुसरी वाटी परत येते. कुठं येते? ज्या जिल्ह्याचा नंबर, त्या जिल्ह्याला. तिथून आपल्या रस्त्याला. आन तुमी नांदेडच्या मामाचा पत्ता देऊन सव्वीस घेऊन येता. वाटा नांदेडला, खड्डे आमाला. मंग आमी काहून पूजा करावी?"

एका लग्नात नवरदेवाची गाडी पुण्याच्या नंबरची निघाली. वऱ्हाड उन्हात खोळंबलं, नवरदेवाचा बाप हातापाया पडला. काकांनी नवरदेवाला ओवाळलं, वाजंत्र्यांना कुंकू लावलं, गाडीला बोट लावलं नाही. एकाच्या ट्रॅक्टरला नंबरच नव्हता. काकांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाले, "अजून कुठं गेलं न्हाई, म्हंजे लेकरू आपलंच." बैलगाडीला ते न विचारता हार घालत.

लोक हसत, पण फार छेडत नसत. हे खूळ कुठून आलं ते गावाला माहीत होतं.

काकांच्या पुतण्यानं, संतोषनं, पिकअप घेतली होती. हळद वसमतच्या बाजारात न्यायची, येताना मिळेल ते भाडं आणायचं, असा त्याचा बेत. पासिंग नांदेडचं होतं. तेव्हा काका नंबर बघत नसत. त्यांनी मनापासून पूजा केली आणि "जा बिनघोर" म्हणून पोराच्या पाठीवर थाप मारली. गावाबाहेर नाल्यावर एक नळ्यांचा पूल आहे. त्याची एक बाजू पुरात वाहून गेलेली, कठडा नाही. त्याच संध्याकाळी परत येताना पिकअप तिथून खाली गेली. आम्ही संतोषला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता, आणि बोनेटवरच्या हारातली फुलं ताजी होती. ते मला अजून विसरता येत नाही.

त्यानंतर कुणीतरी येऊन पुलाच्या तुटक्या कडेला दगड मांडले आणि त्यांना चुना फासला. पुढच्या पावसात दगडही गेले. काकांनी मात्र ठरवून टाकलं की गावातल्या गाड्या अडतीस झाल्या की वाटा येईल आणि वाटा आला की पूल होईल. त्यांना दुसरं काही नको होतं. संतोषचं नाव ते कधी काढत नसत. पासिंगावरच बोलत राहत.

यंदाच्या ग्रामसभेला तालुक्याहून एक साहेब आले होते. काका दोन वाट्या घेऊनच उभे राहिले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, गाडीचा टॅक्स सगळा राज्याच्या एकाच तिजोरीत जातो. तिथं नंबर बघून कुणी वाटे पाडत न्हाई. तुमच्या ग्रामपंचायतीला त्यातलं काही येत न्हाई, आन तो पूल तर ग्रामपंचायतीचा बी न्हाई."

"मंग अडतीस करून काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही न्हाई झालं, बाबा."

मागं कुणीतरी हसलं. काका खाली बसले. वाट्या त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधल्या. मला त्या हसणाऱ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मग बरेच दिवस काकांनी कुठल्याच गाडीची पूजा केली नाही. नंबर कोणताही असो, "देवाला हात जोडा आन जा," एवढंच.

एके दिवशी सकाळी सुनिता आली. संतोषची बायको. तिला मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात काम मिळालं होतं, त्यासाठी तिनं जुनी स्कूटी घेतली होती. मारुतीपुढे गाडी उभी करून ती खाली मान घालून म्हणाली, "काका, नांदेडचीच हाय. सस्त्यात भेटली. पूजा नका करू, नुसता हात लावा."

काकांनी लिंबं आणली, कुंकू लावलं, नारळ फोडला. मग चप्पल न घालताच ते स्कूटीपुढे चालू लागले.

"काका, कुठं निघालात?"

"तू ये हळूहळू मागून, माय."

मी दुकान उघडं टाकून मागे गेलो. पुलावर काका तुटलेल्या बाजूच्या अगदी कडेला जाऊन, दोन्ही हात पसरून उभे राहिले. "इकडच्या अंगानं घे. माह्याकडं बघू नको, समोर बघ." ती पार झाली.

"परत कवा येशील?" त्यांनी विचारलं.

"दिवस मावळायच्या आत येते."

"बराबर. मी इथंच हाये."

ती गेली. काका पुलाच्या तोंडाशी एका दगडावर बसले. मला वाटलं, येतील थोड्या वेळानं. दुपारपर्यंत आले नाहीत, म्हणून भाकरी बांधून घेऊन गेलो. ऊन डोक्यावर आलं होतं आणि ते रस्त्याकडे बघत बसले होते.

"काका, घरी चला. ती संध्याकाळी येणार."

त्यांनी भाकरी घेतली, पण खाल्ली नाही.

"संतोषला इचारलंच न्हाई मी," ते म्हणाले, "परत कवा येशील म्हणून."