सर्व दर पाहण्यास खुले आहेत

माणूस मोठा झाला की त्याचं बोलणं कमी होतं, हे जगात सगळीकडे मान्य आहे. पण सरपंच झाल्यापासून हिरामणचं बोलणं जसं आटलं, त्याबद्दल त्याच्या चुलतीची, गोदूबाईची, तक्रार अशी होती की मुका माणूससुद्धा निदान हातवारे करतो. हिरामणला काहीही विचारा, घरपट्टी कधी भरायची, गटार कोण उपसणार, पोरीचं लग्न कधी काढतोस, तो एवढंच म्हणायचा, "काकी, वेबसाइटवर हाय." आणि मोबाइल कानाला लावून गाडीत बसायचा. (फोन बहुधा आलेला नसायचा.)

याच हिरामणला आई गेल्यावर गोदूबाईनं भात कालवून भरवला होता. तेव्हा तो बोलायला उशिरा लागला. आता लवकर थांबला, एवढंच.

गाव भिवंडीजवळ, वडप्याच्या अलीकडे, हायवेला चिकटून. पूर्वी इथं भात व्हायचा, आता गोडाऊन होतात. पत्र्याला खत लागत नाही, पाऊस लागत नाही. लागतो तो फक्त ग्रामपंचायतीचा दाखला. म्हणून एक दिवस वरून कागद आला, की नवउद्योजकांच्या सोयीसाठी आपल्या हद्दीतील सर्व कर, शुल्क व आकार यांची माहिती संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी. नवउद्योजक म्हणजे ज्याच्याजवळ अजून पैसे शिल्लक आहेत असा माणूस.

सरकारी दर होते, नाही असं नाही. ते ज्या कपाटात होते त्याची किल्ली आधीचे ग्रामसेवक बदलीच्या गावी घेऊन गेले होते, आणि किल्ली परत मागणं बरं दिसलं नसतं. तेव्हा ठाण्याहून आलेल्या वेबसाइटवाल्यानं पंचांना साधा प्रश्न केला, "मग तुम्ही प्रत्यक्षात काय घेता?"

त्या 'प्रत्यक्षात' या शब्दानं घात केला. पंच सरळ माणसं. कुणी तोंडावर खरं विचारलं तर खोटं कसं सांगायचं? आणि गावात दर कधी धंद्यावर ठरलाच नव्हता. दारात आलेल्याला पहिला प्रश्न "कुनाचा तू?" हाच, आणि जसं उत्तर तसा दर. पंचांनी आठवून आठवून सांगितलं, वेबसाइटवाल्यानं शुद्ध भाषेत टाइप केलं, आणि हिरव्या रंगात, वर फिरणाऱ्या फुलासह, ते जगापुढे आलं:

व्यवसायासाठी ना हरकत दाखला.
भावकीतला: शुल्क नाही. निवडणुकीत लक्षात ठेवावे.
जावई: शुल्क नाही. सासऱ्यास कळवण्यात येईल.
जावयाचा भाऊ: निम्मे.
नारपोलीचा लूमवाला (यंत्रमागधारक): धंदा मंदा असल्यास हप्त्याने. (मंदाच असतो.)
विरोधी पार्टीचा: पुढील बैठकीत.
बाहेरचा: पूर्ण शुल्क, अधिक चहापाणी. (चहा वेगळा.) बाहेरच्यास जात, गाव, बाई की बुवा हे विचारू नये. खुर्ची द्यावी, घ्यावे, पावती द्यावी.
गावातली बाई: घरातल्या पुरुषास पाठवावे.

आता कुणाला वाटेल, यावर गहजब झाला असेल. तसं काही झालं नाही. उलट शेठ लोक छापील कागद हातात घेऊन काल्हेरची गोडाऊनं ओलांडून इकडे येऊ लागले. मुलुंडच्या एका शेठनं डोळे पुसत सांगितलं, की जन्मभर धंदा केला, पण चहापाण्याचा पक्का भाव आधी कळवणारी पंचायत पहिल्यांदाच भेटली. इतरत्र माणूस घासाघीस करून हैराण होतो. पंचायतीनं समाधानाची पाहणीही केली. शंभरातले नव्वद उद्योजक समाधानी निघाले. उरलेले विरोधी पार्टीचे होते, आणि ते पुढील बैठकीची वाट पाहत होते. खंत होती ती फक्त पंचांना. त्यांतल्या एकानं बोलून दाखवलं की ठरलेला भाव, वर पावती, यात घेताना काही वाटेनासंच झालं. ही तर नोकरी झाली.

वर सरकारकडून पारदर्शकतेची ढाल बक्षीस मिळाली. ढाल देणाऱ्या साहेबांनी वेबसाइट पाहिली होती का, असं कुत्सित लोक विचारतात. पाहिली होती. हिरवा रंग डोळ्यांना बरा आहे, असं ते भाषणात म्हणाले.

इथवर गोदूबाईला या सगळ्याशी देणंघेणं नव्हतं. ती पडवीत चूल मांडून हमालांना भाकरी आणि सुकटीचं कालवण द्यायची, आणि ज्याला तिखट लागेल त्याला ऐकवायची की तुझ्या आईनं साखर चारून वाढवलं का तुला. पण रस्त्यापलीकडं मोठं गोडाऊन उभं राहिलं. तिथल्या मॅनेजरनं एकदा तिचं कालवण खाल्लं, पाणी प्यायला, परत खाल्लं आणि सांगितलं, की सगळ्या हमालांचं जेवण तुमच्याकडेच देतो. फक्त पंचायतीचा दाखला आणा. ज्याच्या नावाचा दाखला, त्याच्या नावानं करार.

गोदूबाईनं आयुष्यात पुष्कळ रांधलं होतं, पण तिच्या नावावर काहीच नव्हतं. जमीन नवऱ्याच्या नावावर, तो गेल्यावर पुतण्याच्या, म्हणजे हिरामणच्या, ताब्यात. खानावळ आपल्या नावाची व्हावी, पाटी लागावी, पाटीवर गोदूबाई असावं, एवढंच तिला हवं होतं. ती हिरामणकडे गेली. हिरामण म्हणाला, वेबसाइटवर हाय.

म्हणून ती रिक्षा करून नारपोलीला गेली. तिथं यूनुस, तिच्या नवऱ्याच्या जुन्या दोस्ताचा मुलगा, बापाचे लूम भंगारात घालून त्याच शेडमध्ये सायबर कॅफे चालवायचा. शेजारचे लूम अजून चालू होते, त्यामुळे कॉम्प्युटरच्या पडद्यावरची अक्षरं थंडी भरल्यासारखी थरथरायची. लाइट गेली की लूम थांबायचे, कॉम्प्युटर थांबायचा आणि माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं. भिवंडीत गप्पांची वेळ अशी सरकारच ठरवतं.

यूनुसनं यादी वाचून दाखवली. जावयाच्या भावापाशी गोदूबाई मान हलवून म्हणाली, बरोबर हाय, निम्मंच घेतात. शेवटच्या ओळीला यूनुस थांबला, म्हणाला, चाची, पुढं काही खास नाही. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. त्यानं वाचलं.

तिला मुलगा नव्हता. मुलगी लग्न होऊन गेलेली. घरातला पुरुष म्हणायचा तर हिरामण. म्हणजे रीतसर पद्धत अशी झाली की अर्जदार हिरामणनं सरपंच हिरामणकडे यावं, सरपंच हिरामणनं कुनाचा तू विचारावं, अर्जदारानं भावकीतला म्हणावं आणि काम शुल्क न घेता व्हावं.

नवल म्हणजे हिरामण तयार होता. त्या संध्याकाळी गाडी दारात उभी करून तो आपणहून बोलला, तेही पुष्कळ. काकीनं रांधावं, कागदाचं तो बघेल, दाखला त्याच्या नावानं काढू, पाटीवर पंचायतीच्या ढालीचं चित्र लावू. गोदूबाई भाकऱ्या थापत ऐकत राहिली. गावात अशा आणखी बायका होत्या, ज्यांच्या कागदाचं कुणीतरी बघितलं होतं. त्या आता दुसऱ्यांच्या पडवीत भांडी घासत होत्या, आणि कागद अजून बघितला जात होता.

दुसऱ्या दिवशी फोन करून तिनं यूनुसला एकच विचारलं. बाहेरच्याच्या रकान्यात बाई की बुवा विचारत न्हायत, हे पक्कं ना? पक्कं, चाची, तो म्हणाला, पण तुम्ही बाहेरच्या कुठं? गोदूबाईनं फोन ठेवला होता.

सोमवारी पंचायतीत शेठ लोकांची रांग होती, खिडकीपाशी गावातली माणसं होती, भिंतीवर ढाल होती. गोदूबाई रांगेत उभी राहिली. पाळी आली तशी तिनं कमरेची पिशवी सोडली, पूर्ण शुल्क ठेवलं, वर चहापाणी ठेवलं आणि ग्रामसेवकाला सांगितलं, बाहेरची. ग्रामसेवक नियमाला पक्का. त्यानं काही न विचारता खुर्ची पुढं केली. या कचेरीत तिला खुर्ची मिळण्याची ही पहिलीच वेळ. खिडकीपाशी कुणीतरी यादी आठवून हसलं, मग सगळेच हसले.

हिरामण आतून धावत आला. मोबाइल टेबलावरच राहिला होता. काकी, घरचीच तू, घरात पैसे कसले, म्हणत तो नोटा परत तिच्या पदरात घालू लागला. तिनं त्याचा हात बाजूला केला, लहानपणी ताटातून करायची तसाच.

"घरची म्हनून पुरुषाला धाड सांगतोस, बाहेरची म्हनून खुर्ची देतोस. मग मी बाहेरचीच बरी, हिरामन. पावती फाड. तुझ्या यादीत खोट न्हाय, जे हाय तेच तू लिवलंस. खोट वाचनाऱ्यांत हाय. ह्या यादीला जो जो हसला ना, त्यानं हसायच्या आदी आपला रकाना शोधला, नि आपल्याला सूट हाय बगून गप बसला."