बेस्तरवारचं पीठ

गुरुवारी सकाळी पुंजारामाच्या ताटात वरण होतं, वांग्याची भाजी होती, भाजलेले शेंगदाणे होते, आणि जिथं भाकरी असते तिथं नुसतं ताट होतं.

"भाकरी कुठंय?"

"आज बेस्तरवार न्हाई का?" केशरबाई चुलीपुढून म्हणाली. "पोथीत पीठ वर्ज्य हाये."

पुंजाराम परतूरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ट्रकात चढवायचा. गुरुवारी ट्रक जास्त लागायचे. वांग्याच्या जोरावर गाठ उचलत नाही, हे मागच्या गुरुवारी कळलंच होतं. गाठीसकट तोच खाली बसला होता आणि मुकादमानं दम दिला होता, पुन्हा असं झालं तर घरीच बसायचं.

"मीठ वर्ज्य ऐकलंय. पीठ वर्ज्य कोण्या देवानं सांगितलं?"

"बोरनाथानं."

"तुला कसं कळलं?"

"पोथीत लिहिलंय."

"अन् पोथी खरी कशावरून?"

"कशावरून म्हंजे? बोरनाथानं सांगितलेली हाये!"

"बोरनाथानंच सांगितली, हे कशावरून?"

केशरबाईनं कीव करावी तसं नवऱ्याकडं बघितलं. "पोथीतच हाये की तसं. वाचता येतं नं तुमाला?"

पुंजाराम उपाशीच उठला. या बाईशी वाद घालणं म्हणजे विहिरीच्या काठाकाठानं पळणं. माणूस दमतो आणि पोचत कुठंच नाही. बरं, एकटी केशरबाई असती तर निभलं असतं. गिरिजाबाईच्या ओसरीवर अख्खी गल्ली ही पोथी ऐकायची आणि गुरुवारी अख्ख्या गल्लीत तवे पालथे पडायचे.

रविवारी त्यानं पोथी पिशवीत घातली आणि रेल्वेनं जालना गाठलं. पोथीवर जुन्या जालन्यातल्या छापखान्याचा पत्ता होता. मालक काकासाहेबांनी 'पीठ वर्ज्य'चं पान डोळ्यांजवळ नेलं आणि त्यांना हसूच फुटलं.

"अरे, मीठच हाये ते! 'म'च्या खणात 'प'चा खिळा पडला असंल. जुळवणाऱ्यानं दिला बसवून."

"माझी पाठ मोडायची पाळी आली अन् तुमी हसून राह्यले? चूक झाली म्हणून लिहून द्या."

काकासाहेबांचं हसू जागच्या जागी थांबलं. "पोथीत चूक? पोथीत चूक नसती."

"आत्ताच तर म्हणले!"

"हे बघ." काकासाहेबांनी शेवटचं पान काढलं. 'यातील अक्षर न् अक्षर सत्य जाणावे.' "ह्याच्यापुढं मी पामरानं काय लिहावं?"

"अन् हे कोणी लिहिलं?"

"खाली जागा उरल्ती. मीच टाकलं."

पुंजारामाचं डोकंच फिरलं. तो छापखान्याच्या पायरीवर उभा राहून सगळ्या बाजाराला सांगू लागला की हा माणूस देवाच्या नावानं रिकामी जागा भरतो, अन् आमची पोटं रिकामी राहतात! माणसं जमायला लागली तसे काकासाहेब नरमले.

"बोंबलू नको, बाबा. दुसरी आवृत्ती काढून राह्यलो. तिच्यात मीठ करतो. जा आता."

दुसरी आवृत्ती निघाली तशी पुंजारामानं स्वतः जाऊन आणली. एक प्रत गिरिजाबाईला दिली, एक घरी. 'मीठ वर्ज्य' ही ओळ त्यानं केशरबाईला बोट ठेवून वाचून दाखवली. भाजी अळणी तर अळणी, भाकरी तर मिळंल! केशरबाईनं आधी शेवटचं पान बघितलं. तिथंही अक्षर न् अक्षर सत्य होतं. तिनं पोथीला हळदकुंकू वाहिलं. पुंजारामाला वाटलं, सुटलो.

गुरुवारी ताटात वरण आलं, वांगं आलं. भाकरी आली नाही. त्यानं वरणाचा भुरका मारला. मीठही नव्हतं.

"केशर! जुनी चुकली म्हणून तर नवी आणली नं?"

"जुनी कशी चुकंल? अक्षर न् अक्षर खरं म्हणून लिहिलंय तिच्यात."

"मंग नवी?"

"तिच्यातबी लिहिलंय. दोन्ही खऱ्या." तिनं दोन्ही पोथ्यांना हात जोडले. "बरं झालं तुमी जालन्याला गेल्ते. इतके दिस बेस्तरवारी मीठ खाऊन पाप करून राह्यलो होतो. गिरिजाबाई म्हणल्या, पुंजारामानं गल्ली तारली!"

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी कडी आपटली. दारात गल्लीतले चार-पाच नवरे उभे होते. सगळे उपाशी, आणि पुढच्याच्या बाह्या कोपराच्याही वर गेलेल्या.

"पुंजाराम, भायेर ये! ही दुसरी खोटी पोथी गल्लीत कोणी आणली?"

पुंजारामानं त्या दंडांकडं बघितलं, घाईघाईनं हात जोडले आणि खच्चून ओरडला, "खोटी म्हणू नका रे! अक्षर न् अक्षर खरी हाये!"