खुर्ची भाजायची राहिली

"लाकडाचे दिवस संपले! उद्यापासून झाडं आपल्याला हात जोडतील!" सर छाती काढून म्हणाले.

प्रयोगशाळेच्या मधोमध त्यांची खुर्ची उभी होती. खुर्ची कसली, ढगाचा तुकडाच! साच्यात भुसा भरायचा, त्यात बुरशी सोडायची, तिचे तंतू सगळं घट्ट विणून टाकतात. मग भट्टीत भाजलं, की बुरशी मरते आणि खुर्ची कडक होते. साचा सुतारदादांचा, बुरशी बुरशीताईंची आणि स्वप्न सरांचं!

आज परीक्षक बाई येणार होत्या. त्या 'हो' म्हणाल्या तर काम आणखी एक वर्ष. 'नाही' म्हणाल्या तर ही खोली जुन्या फायलींना!

बाई आल्या त्याच कपाळावर आठ्या घेऊन. "बसून बघते," म्हणत टेकल्या मात्र, आणि आठ्या विरघळल्या.

"अगंबाई, ऊबदार आहे हो!"

"संशोधन आहे, बाई!" सर फुलून गेले. ऊब आली कुठून, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दोन मिनिटांत बाईंचा डोळा लागला. तिरप्या उन्हात भुशाचे कण तरंगत होते, ओल्या रानासारखा वास दरवळत होता. एकेका कणात सरांना एकेक खुर्ची दिसू लागली...

"ताई," सुतारदादा कुजबुजले, "भाजून बुरशी मेली, तर खुर्ची ऊबदार कशी?"

बुरशीताई चष्मा पुसू लागल्या.

"भट्टीत घातली होती ना?"

"दारापर्यंत नेली हो दादा! पण जीव आहे तिच्यात. लेकरासारखं पाणी शिंपडून वाढवली. माझ्याच्यानं नाही झालं!"

"अहो, मी तक्त्यावर 'भाजली' अशी खूण केली! मला वाटलं, तुम्ही भाजलीच असणार."

"आणि मी खाली सही केली," सर पुटपुटले.

तेवढ्यात खुर्ची बाईंसकट हळूच खाली बसू लागली! सरांनी पाठ धरली, दादांनी पाय, ताईंनी हात. अर्धा तास तिघं श्वास रोखून! ताईंचे ओठ तेवढे देवाचं नाव घेत होते.

बाई उठल्या. शालीला पांढरी लव चिकटलेली, खुर्चीच्या हाताखाली इवलंसं भूछत्र उगवलेलं!

"हे काय?"

"ती जिवंत आहे, बाई," ताई रडवेल्या झाल्या. "माझ्याच्यानं भाजवली नाही."

बाईंनी वही उघडली. "खुर्ची टिकाऊ नाही. झोप मात्र उत्तम. एक वर्ष वाढवून दिलं. पुढची भाजा!"

दारातून त्या वळल्या. "आणि ही माझ्या घरी पाठवा. धरणाऱ्या तिघांसकट!"

सरांनी कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढलं आणि मुकाट्यानं त्यावर बसले.