आवाज न करता काम केल्याबद्दलचा खुलासा

विषय: टेबल क्रमांक सात येथून सलग तीन दिवस काम ऐकू न आल्याबाबत.

संदर्भ: आपली कारणे दाखवा नोटीस.

माननीय अधीक्षक बाई,

नोकरीत कायम झाल्यावरही नोटीस उघडीच राहते व ती बंद करण्यास खुलासा लागतो, असे समजले. खुलासा कोणी वाचत नाही, त्यावर फक्त शिक्का बसतो, असेही समजले. सबब खरे लिहीत आहे. हाताने लिहिण्याचे कारण ओघात येईल.

रकाना १. पार्श्वभूमी (दोन ओळींत)

अर्ज विभागात चौदा माणसे व चौदा यांत्रिक कीबोर्ड आहेत. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच, स्विचच्या पोटात एक दांडी व एक स्प्रिंग; दाबले की टक्. चौदाही जण दाबू लागले की पत्र्यावर गारा पडल्यासारखे

(दोन ओळी संपल्या.)

रकाना २. कृत्यामागील हेतू

वाटते. माझे डोके दुखे. एका व्हिडिओत एक दाढीवाला हळू आवाजात सांगत होता की स्विच उघडून आत ब्रशने ग्रीस लावले की आवाज जातो. ‘नवशिक्यांनी आधी एकच स्विच करून पाहावा,’ असेही तो म्हणाला. तेवढा भाग मी पुढे ढकलला.

कीबोर्ड घरी आणला आणि रविवारी जेवणाच्या टेबलावर त्याचे एकशे चार स्विच उघडले. एकशे चार टोपणे, एकशे चार बुडे, एकशे चार दांड्या, एकशे तीन स्प्रिंगा. एक उडाली.

“अहो, जेवायचं कुठे?” बायको.

“आज मांडीवर घे ताट.”

“आणि हा ब्रश कुणाचा?”

“पिल्लूचा.”

“तिची उद्या चित्रकलेची परीक्षा आहे!”

सासरे चष्मा पुसत जवळ आले. “जावईबापू, हे चालत होतं ना?”

“हो, बाबा.”

“मग?”

या प्रश्नाचे उत्तर व्हिडिओत नव्हते.

रकाना ३. कृत्याचा परिणाम

सोमवारी कीबोर्ड लोण्यात बोट बुडवल्यासारखा चालू लागला. डोके शांत झाले. पूर्वी दिवसाला एकोणीस अर्ज निकाली निघत, ते एक्केचाळीस निघू लागले. बुधवारी संध्याकाळी नोटीस आली. शुक्रवारी माझी दोन वर्षांची परिविक्षा संपून मी कायम होणार होतो, किंवा घरी जाणार होतो.

आपण धुरकट काचेच्या केबिनमध्ये बसता. तेथून दिसत नाही. अकरा वर्षे आपण कानाने मूल्यमापन करत आहात, हे मला त्या दिवशी कळले.

“तुमच्या टेबलावरून काही येतच नाही हो,” आपण म्हणालात.

“बाई, तीन दिवसांत एकशे तेवीस अर्ज निकाली काढलेत.”

“ते दिसतंय. ऐकू कुठे येतंय?”

“पण काम झालंय...”

“झालं असेल. चालू होतं का? माझ्या नोंदवहीत ‘झालं’ असा रकानाच नाही. ‘चालू आहे’ आणि ‘चालू नाही’, दोनच.”

शुक्रवारी त्रिसदस्यीय श्रवण समिती बसेल, असे आपण सांगितलेत.

बाहेर आलो. टेबल आठचे काका नऊ वर्षे एकाच बटणावर बोट आपटत आहेत व दोनदा उत्कृष्ट कर्मचारी ठरले आहेत. ते आपटता आपटताच म्हणाले, “बाळा, काम करायची खाज असेल तर कर. पण बोंबलून कर.”

रकाना ४. केलेली सुधारणा

कीबोर्ड पुन्हा घरी नेला व गुरुवारी रजा टाकली. ग्रीस काढण्यासाठी एकशे चार स्विच साबणाच्या उकळत्या पाण्यात टाकले. (व्हिडिओचा दुसरा भाग होता. पाहिला नाही.) वाळल्यावर जोडले तर नुसतेच खरखरले.

“दोन-दोन स्प्रिंगा घाला की मग,” बायको म्हणाली, ती वैतागून. सासऱ्यांनी मात्र ते मनावर घेतले. बाजारातून नव्या स्प्रिंगा आणल्या, पक्कड घेऊन ताणल्या, आणि स्विच परत बसेनात तेव्हा वरून लाटणे मारून बसवले.

“आत्ता कुठे मजा यायला लागली, जावईबापू!”

खाली स्विचचे तारेचे पाय वाकून संपर्क तुटत होता, हे आम्हाला दिसले नाही. चाचणी घेताच वरच्या मजल्यावरच्यांनी येऊन विचारले, काही फुटले का. आम्ही एकमेकांना टाळी दिली.

मग पडद्याकडे पाहिले. अक्षर एकही उमटत नव्हते. फक्त स्वल्पविराम उमटत होता.

रकाना ५. समितीचा निष्कर्ष

समितीने नियमानुसार डोळे मिटले. मी सुरुवात केली. दुसऱ्या मिनिटाला एका सदस्याच्या चहात तरंग उठले.

“वा!” ते म्हणाले. “पाचेक अर्ज तरी गेले असतील.”

“सात,” दुसरे म्हणाले. “माझा कान तयार आहे.”

पडद्यावर तीन ओळी स्वल्पविराम होते. आपण शेरा लिहिलात: ‘आवाजात सातत्य. कायम करावे.’

रकाना ६. सद्यःस्थिती

दैनिक निकाली अर्ज: शून्य. नवीन कीबोर्डच्या मागणीचा अर्ज टंकलिखितच लागतो. टेबल तीन व पाच यांनी सासऱ्यांची वेळ मागितली आहे. माझे डोके पुन्हा दुखते, पण आता ते कायमस्वरूपी कर्मचाऱ्याचे डोके आहे.

रकाना ७. माहितीसाठी प्रत

खिडकीपलीकडचे अर्जदार, म्हणजे आपण.

मी कायम झाल्यानंतरच्या मंगळवारी आपण आला होतात. माझ्या अर्जाचे काय झाले, असे विचारायला तोंड उघडलेत, तेवढ्यात मी दोन्ही हातांनी सुरू केले. आपण थबकलात. उलट रांगेत मागे कुरकुरणाऱ्या बाईंनाच म्हणालात, “अहो, थांबा जरा. केवढं काम चाललंय बघा बिचाऱ्याचं.” आणि समाधानाने घरी गेलात.

आपला अर्ज सुरक्षित आहे. माझ्या मनगटाखाली आहे. जाडजूड असल्याने टेकायला फार बरा पडतो. सर्व कागदपत्रे न चुकता जोडल्याबद्दल आभार.