पाच ते सातचा उस्ताद

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. आमच्या घरातली केबल काढून स्ट्रीमिंग आणण्याचा निर्णय माझा, अंमलबजावणी माझी, आणि त्यात कणभरही चूक झाली नाही असं मी पुढे सलग अकरा दिवस समजत होतो.

मी नाशिकचा निवृत्त मास्तर. भूगोल शिकवला आणि तीस वर्षं शाळेतल्या एनसीसीच्या मुलांना रायफल धरायला शिकवलं. मुंगीवर पाय पडला तरी मला चुटपुट लागते. पण कुणी कागदाच्या लक्ष्यावर नेम धरलेला दिसला, की माझा घास तोंडातच राहतो. दोह्याला मुलाकडे, पियूषकडे, राहायला आल्यापासून केबलवरची एक वाहिनी माझा आधार होती. डोंगर, जंगलं, मासेमारी आणि रोज संध्याकाळी तासभर नेमबाजी. पण विश्वचषक आठ महिन्यांवर आला आणि त्या वाहिनीवरही फुटबॉल घुसला. एका संध्याकाळी नेमबाजाऐवजी गोलकीपर दिसला, तेव्हा मी उठून केबलचा डबा भिंतीपासून वेगळा केला.

"नाना, पियूषला विचारलंत का?" सूनबाईंनी, म्हणजे गौरीने, विचारलं.

विचारण्याचा प्रश्नच नव्हता. बोटाएवढी एक कांडी टीव्हीला मागून लावायची, फोनचा रिमोट करायचा, की जगभरातल्या नेमबाजीच्या स्पर्धा आपल्या दारात. शिवाय थांबवता येतात! मास्तराला आणखी काय हवं? केबलवरचा नेमबाज माझं बोलणं संपायची वाट कधीच बघत नसे.

रोज पाचला माझा वर्ग भरू लागला. नात नुपूर, शेजारचा गंधार आणि आणखी चार मुलं. नेमबाज श्वास सोडू लागला की मी चित्र थांबवायचो आणि दोन-तीन मिनिटं समजावून सांगायचो. मुलं एरवी मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी, पण "श्वास सोडा! थांबा! नेम! चाप!" हे चार शब्द अस्सल मराठीत आणि एका सुरात, असे की भिंती हलाव्यात.

यात एकच बारीकशी अडचण होती. फोनवरच्या रिमोटमध्ये 'लिव्हिंग रूम' हे नाव दोनदा दिसायचं. एक दाबलं तर काहीच होत नसे, दुसरं दाबलं की चित्र थांबे. मी विचार केला आणि उलगडा झाला: एक चित्राचं, एक आवाजाचं. तेव्हापासून थांबवताना दोन्ही दाबायची आणि सुरू करतानाही दोन्ही. मुलांनाही तसंच शिकवलं. शास्त्रशुद्ध सवय लहानपणीच लागलेली बरी.

आता आमच्या घराबद्दल. दोह्याच्या अल हिलाल वस्तीतला हा मोठा व्हिला आहे. पुढचा तळमजला मालकांचा, आणि वर व मागे भिंती घालून केलेली चार बिऱ्हाडं. आम्ही बरोबर मालकांच्या डोक्यावर. पाचही घरांना मिळून एकच इंटरनेट. मालक अबू जासिम सत्तरीचे, फुटबॉलवेडे. वडिलांचा मुंबईशी मोत्यांचा व्यापार असल्यामुळे हिंदी छान बोलणारे. एकूण भला माणूस, पण त्या दिवसांत सगळं अल हिलाल त्यांच्या कानाशी लागलं होतं: भाडेकरू काढा, व्हिला रंगवा, विश्वचषकाला येणारे पाहुणे ठेवा. आमचा करार महिनाअखेरीस संपत होता. नुपूरची शाळा आणि गौरीची नोकरी, दोन्ही इथून चालत जाण्याच्या अंतरावर. घर गेलं असतं तर त्या दिवसांत तसं दुसरं मिळणं अशक्य होतं. पियूषची झोप उडाली होती. त्याला कागदावर एक सही हवी होती, बाकी काही नाही.

अशात एके दिवशी मालकांचा ड्रायव्हर रहमान वर आला. त्याचं म्हणणं, बाबांचा, म्हणजे मालकांचा, टीव्ही आठ दिवसांपासून बिघडलाय. खेळाडू गोलजवळ पोचला की चित्र थांबतं. बाबा सुरू करतात, ते पुन्हा थांबतं. परवाचा सामना गल्लीत सगळ्यांचा सातला संपला, बाबांचा पावणेआठला. गोल झाल्याचा आरडाओरडा शेजारून आधी ऐकू येतो, गोल नंतर दिसतो. दोन तंत्रज्ञ येऊन गेले, पण दोघेही सकाळी आले आणि सकाळी टीव्ही ठणठणीत असतो.

पियूषचे डोळे चमकले. "नाना, तुम्ही जाऊन बघा ना. तुम्ही तर केबल काढून सगळं स्वतः बसवलंत. त्यांचं काम झालं तर ते सहीचंही बघतील."

मी इस्त्रीचा सदरा घातला. दुसऱ्याच्या घरी फोन घेऊन जाऊ नये हा माझा नियम, म्हणून तो घरीच ठेवला. वर्गाला सुट्टी दिली आणि बरोबर पाचला खाली जाऊन बसलो.

टीव्ही एकदाही थांबला नाही.

मी काहीही केलं नव्हतं. मागची एक वायर धरून "हं" म्हणालो होतो, इतकंच. दुसऱ्या दिवशी अबू जासिमनी पुन्हा बोलावलं. पुन्हा अखंड सामना. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारचे दोन म्हातारे मला दाखवायला बोलावले. मी मखमली गाद्यांवर मधोमध, समोर खजूर आणि कहवा. उस्ताद बसले की यंत्र बिघडत नाही, असं ते पाहुण्यांना सांगत होते. मी आधी नम्रपणे नाही म्हटलं. मग नुसता हसलो. तिसऱ्या दिवशी तर इंटरनेटच्या लहरींबद्दल चार शब्द बोललोसुद्धा. करार समोरच्या टेबलावर पडलेला असायचा. अबू जासिम त्यावर हात ठेवून म्हणायचे, "उद्या या. उद्या बघू, इन्शाल्ला."

घरी पियूष मला स्वतः चहा करून देऊ लागला होता. मुलगा वडिलांना चहा कधी करून देतो हे वाचकांना सांगायला नको.

चौथ्या दिवशी गुरुवार होता. मोठा सामना. अबू जासिमनी आज करार मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं, पेन कागदाला टेकवलं.

आणि चित्र थांबलं.

खेळाडूचा एक पाय हवेत. अबू जासिमनी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. मी उठून ती वायर धरली. "हं" म्हणालो. काही उपयोग झाला नाही. दोन-तीन मिनिटांनी चित्र आपोआप सुरू झालं आणि थोड्या वेळाने परत थांबलं. तेवढ्यात छतातून, अगदी डोक्यावरून, सहा कोवळे गळे गरजले: "श्वास सोडा! थांबा!"

माझ्या हातातला खजूर खाली पडला.

वर फोन होता. वर नुपूर होती. आजोबा चार दिवस येत नाहीत म्हणून तिने वर्ग स्वतः सुरू केला होता, आणि मी शिकवल्याप्रमाणे ती दोन्ही लिव्हिंग रूम दाबत होती! एक आमची. आणि दुसरी त्याच इंटरनेटवरची ही, जिच्यात मी बसलो होतो.

खरं सांगतो, पहिला विचार प्रामाणिकपणाचा नव्हता. मी म्हणालो की जरा वर जाऊन येतो.

"नाही नाही," अबू जासिम म्हणाले. "तुम्ही इथे असताना ही गत आहे, तुम्ही गेलात तर खलास."

मी खाली बसलो. वरून "नेम! चाप!" ऐकू आलं आणि चित्र सुरू झालं. शेजारच्या घरात तोवर गोल होऊन गेला होता. तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, की गोळी चुकली तर नोंद दुसऱ्याने करायच्या आधी आपण करावी. सांगायला फार सोपं वाक्य आहे हे. समोर घराचा करार नसला म्हणजे.

"बाबा," मी म्हणालो, "तुमचा टीव्ही मी थांबवतोय."

मग सगळं सांगितलं. केबल काढली ते, दोन नावं, चित्राचं आणि आवाजाचं, मुलांचा वर्ग. कहवा घेऊन आलेला रहमान हसू दाबत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अबू जासिम हसले नाहीत.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"म्हणजे तुम्ही इथे बसल्याने काहीच होत नव्हतं?"

"काहीच नाही."

त्यांनी दीर्घ श्वास सोडला. थांबले. मग टोपण काढलं आणि सही केली. दोन वर्षांची.

ते शांतपणे म्हणाले, "सही मी सोमवारीच करणार होतो, उस्ताद. तुमच्या घरात लहान मूल आहे, मी कशाला काढीन? पण कागद मिळाला की तुम्ही यायचे बंद व्हाल आणि टीव्ही परत बिघडेल, अशी भीती वाटत होती. आता ती काळजी मिटली. शुक्रन. यल्ला, चला, उद्यापासून यायची गरज नाही."

रहमानने माझ्यासमोरचा कहवा उचलला. पेला अजून अर्धा भरलेला होता.

वर येऊन मी पियूषच्या हातात कागद ठेवला. तो पायाच पडला. गौरीने विचारलं, कसं काय जमवलंत? मी म्हणालो, बिघाड शोधून काढला. यात खोटं काही नाही.

मग दुसरं 'लिव्हिंग रूम' रिमोटमधून काढून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पाचला सदरा घालून वर्गावर हजर झालो. माझ्या खुर्चीवर फोन घेऊन नुपूर बसली होती. समोर आठ मुलं, माझ्या वेळी सहा असत. तिने मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली आणि हळूच सांगितलं, "आजोबा, प्लीज, क्लास चालू आहे. यू कॅन सिट अ‍ॅट द बॅक."

मागे जागा नव्हती.

तर घर आता दोन वर्षं आमचं आहे. फक्त पाच ते सात मी त्यात नेमकं कुठे बसायचं, ते करारात लिहिलेलं नाही.