खांबाला लावलेलं कुंकू

यंदा दसऱ्याला म्हैसूरच्या हूटगळ्ळीतला तो खांब पडणार म्हणजे पडणार, असं विजय सबनीसांनी घरी, कचेरीत, इतकंच काय रोजच्या कॉफीवाल्यालासुद्धा सांगून ठेवलं होतं. पालिकेच्या कायदा विभागात उभी हयात घालवलेल्या माणसाने इतकं छातीठोक बोलू नये. पण दमलेल्या माणसाला एकदा तरी जिंकावंसं वाटतंच, त्याला कोण काय करणार.

खांब मानाजीरावांचा. आपल्या मंगल कार्यालयाला कमान हवी म्हणून त्यांनी तो थेट सरकारी गटारावर चढवला. कमान काही झाली नाही, खांब तेवढा राहिला आणि गटार तुंबलं. जरा जोराची सर आली की सगळं पाणी गल्लीच्या टोकाला अंबुबाईंच्या स्वयंपाकघरात.

अंबुबाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. घराणं म्हैसूरच्या जुन्या फौजेतलं, त्यामुळे मराठी निम्मी कानडी. प्रत्येक पावसानंतर त्या ओल्या पदरानिशी कचेरीत यायच्या आणि सबनीसांच्या टेबलासमोर बसायच्या. भांडायच्या नाहीत, हाच तर खरा जाच.

"मी सुम्ने बसते सार, उगीच. तुमचं चालू द्या," म्हणायच्या.

समोर ती बाई बसलेली असताना काय चालणार, कपाळ?

दावा, अपील, स्टे, स्टे उठवणं, पुन्हा स्टे, असं करत करत एकदाचा खांब पाडायचा हुकूम मिळाला. आता मानाजीराव वरच्या कोर्टात पळणार हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून सबनीसांनी डोकं चालवलं. कोर्टाला दसऱ्याची सुट्टी लागली की जेसीबी न्यायचा. स्टे द्यायला कोर्टच उघडं नको!

नवमीच्या दिवशी ते सकाळीच खांबापाशी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने जेसीबीवाला भुवन गाडी घेऊन आला. जेसीबीला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, चाकांखाली ठेवायला लिंबं, शेजारच्या सीटवर भलामोठा कोहळा.

"सार, आधी आयुधपूजा. मग बाकीचं," भुवन म्हणाला.

"कर बाबा. पण लवकर उरक."

इथेच घात झाला. सबनीस मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्या घरीही खंडेनवमीला विळी पुजायचे, पण हळदकुंकू वाहून झालं की त्यांची आई त्याच विळीवर कांदा चिरायला बसायची. पूजा म्हणजे पाच मिनिटांचं काम, हे त्यांच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं.

भुवनने पूजेचं ताट त्यांच्याच हातात दिलं. "मोठ्या माणसाचा हात लागू दे."

सबनीसांनी जेसीबीच्या फावड्याला कुंकू लावलं, चाकांना लावलं.

"त्यालाबी लावा सार," भुवनने खांबाकडे बोट केलं. "ज्याला पाडायचं, त्याची माफी मागून घ्यायची. आमच्यात तसं करतात."

वाद घालण्यात वेळ जाईल, म्हणून सबनीसांनी खांबालाही कुंकू फासलं. एक माळ उरली होती, ती कुठे ठेवायची ते कळेना, म्हणून तीही खांबालाच घातली. भुवनने कोहळा फोडला. जमलेल्या गल्लीने हात जोडले, कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं.

"चल, आता लाव फावडं."

"आता कसं सार? पूजा झाली की. पुजलेल्या गाडीला आज काम नाही. आता दसरा झाल्यावर."

"अरे, मग आधी नाही का बोलायचं?"

"तुम्हीच लवकर उरक म्हणाला."

सबनीसांनी दुसऱ्या जेसीबीसाठी फोनवर फोन लावले. शहरातली गाडीन् गाडी माळ घालून निवांत पडली होती, आणि पोलीस बन्नीमंटपाच्या मैदानावर, दसऱ्याच्या मशालींच्या कवायतीच्या तयारीला गेलेले. ते हात हलवत घरी आले.

"पडला का खांब?" कमलिनीने, त्यांच्या बायकोने, विचारलं.

"कुंकू लावून आलो त्याला," सबनीस म्हणाले आणि आडवे झाले.

दसरा संपल्यावर ते पुन्हा गेले. खांबावर पत्र्याचं छप्पर आलं होतं. समोर समई, लाल कापड आणि कानडीत पाटी: 'कंबद स्वामी'. खांबाला कानडीत कंब म्हणतात, म्हणजे नाव शोधायलाही फार कष्ट पडले नव्हते. बायका प्रदक्षिणा घालत होत्या. मानाजीराव रेशमी पंचा नेसून तीर्थ देत होते.

"या सबनीससाहेब, पहिला मान तुमचा. स्थापना तुमच्याच हातची."

शेजारी त्यांचे वकील सुधींद्र उभे. त्यांनी अतिशय नम्रपणे मोबाइल पुढे केला. त्यात सबनीस खांबाला माळ घालत होते. चेहऱ्यावर घाई होती, पण चित्रात ती भक्तीच वाटत होती.

"आता हे देवस्थान झालं," सुधींद्र म्हणाले. "ते हलवायचं तर समिती, सुनावणी, सरकारची परवानगी. तुम्हाला मी काय सांगावं?"

सांगायची गरजच नव्हती. ती सगळी पद्धत सबनीसांना तोंडपाठ होती. त्या पद्धतीने काही हललेलं मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी पाऊस आला. सबनीस छत्री धरून अंबुबाईंच्या दारात पोचले, तेव्हा त्या खराट्याने स्वयंपाकघरातलं पाणी बाहेर लोटत होत्या आणि जेवढं लोटत होत्या तेवढंच आत येत होतं. सबनीसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अंबुबाई, चूक माझी आहे. आपण नव्याने दावा लावू."

"किती वर्षं लागतील?"

सबनीस बोटांवर मोजू लागले. अंबुबाईंनी खराटा भिंतीला टेकवला आणि कमरेवर हात देऊन जरा दम घेतला.

"आयतु, झालं ते झालं. सोडा तो दावा. त्याला देव तुम्हीच केलात, अल्वा, हो ना? मग तुमचं तो ऐकेल. जावा, सांगा बघू त्याला, जरा बाजूला सरक म्हणून."

त्या चेष्टा करत नव्हत्या. सबनीसांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यातून वाट काढत खांबापर्यंत गेले आणि हात जोडून उभे राहिले. विनंती त्यांनी कानडीत केली. देव इथलाच होता, त्याला साताऱ्याची मराठी कळेलच असं नव्हतं.