लाकूड उसवता येत नाही

विहीणबाईंच्या वाचनालयाची पाटी मी कापून देते, असं मी चहाच्या एका घोटासरशी बोलून गेले. दुसरा घोट घेईपर्यंत त्यांनी आतून कपाटाचं एक दार आणून माझ्या मांडीवर ठेवलंसुद्धा.

"माझ्या वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटाचं आहे," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं वाळवीने खाल्लं, एवढं दार राहिलं. पाटी याचीच व्हावी असं मनात होतं."

दार पाहिलं. बाहेरून सागाचं पॉलिश, हात फिरवावा असं. आतून साधं प्लायवूड. असं दुसरं दार मिळणार नव्हतं, म्हणजे तेव्हाच मुकाट्याने परत करायला हवं होतं. पण विहीणबाई पडल्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि मी चौथी शिकलेली. (पुढे शाळा नव्हती असं नाही. शाळेलाच मी नको होते.) मी त्यांना फोनवर मेसेज पाठवला की त्या शुद्धलेखन सुधारून मलाच परत पाठवतात. खाली लिहितात, ‘छान प्रयत्न’. लेक त्यांच्या घरात नांदते म्हणून मी गिळून बसते. नाहीतर मी गिळणारी बाई नव्हे, गल्लीत कुणालाही विचारा. त्या बाईपुढे एकदा तरी ताठ मानेने उभं राहायचं होतं. दार काखोटीला मारलं आणि घरी आले. उद्घाटन रविवारी होतं.

एवढी फुशारकी मारली कारण घरात यंत्र होतं. आमच्या ह्यांनी कचेरीतून निवृत्त झाल्यावर छंद म्हणून आणलेलं. स्क्रोल सॉ म्हणतात त्याला. टेबलावर ठेवायचं, त्यात दोऱ्यासारखं बारीक पातं वरखाली नाचतं आणि लाकडातून वळणावळणाची नक्षी कापता येते. कापता येते असं ऐकून होते, कारण ह्यांनी अजून एक काडीही कापली नव्हती. रोज जेवण झालं की फोनवर व्हिडिओ बघायचे. पातं का तुटतं, लाकूड का जळतं, रेघ का चुकते, सगळं पाठ. पोहण्याचं ज्ञान गळ्यापर्यंत आणि पाय कोरडे.

मी यंत्रावरचं फडकं काढलं आणि हसूच आलं. अहो, हे तर शिलाई मशीन! वरून टोचतंय, खाली पाट आहे, पुढे दिवा आहे. आणि मी उभा जन्म शिवणकामात घालवलेला. ज्या हाताने सरकत्या रेशमाला वठणीवर आणलं, त्याला ही फळी काय जड?

"आधी टाकाऊ फळीवर हात बसव गं," हे म्हणाले. दाराच्या चौकटीत उभे होते. चष्म्यावर दुसरा चष्मा, नाकाला फडकं, एक पाय खोलीबाहेर.

ऐकलं. फळांच्या खोक्याची फळी घेतली, पातं बसवलं, बटण दाबलं. फळीने जी उडी मारली! मी दाबतेय, ती उडतेय. भिंतीवरचं घड्याळ हललं. मांजर जे घराबाहेर गेलं ते संध्याकाळीच आलं.

"दात खाली हवेत!" हे ओरडले.

"कुणाचे?"

"पात्याचे! उलटं बसवलंयस. दात वर असले की लाकूड उचलून आपटतं."

पातं काढून सुलटं बसवलं. आता लाकूड शहाण्यासारखं बसलं, पण कापेना. मी हात टेकवून वाट बघत राहिले. शिलाई मशीनमध्ये कापड आपोआप पुढे सरकतं ना, त्याला खाली दात असतात ओढायला. इथे ओढणारं कुणीच नाही. फळी जिथल्या तिथे, पातं एकाच जागी घासतंय, धूर निघायला लागला.

"तू सरकवायचीस!"

सरकवली. जरा मनापासून सरकवली. टचकन पातं तुटलं.

"रेटायचं नसतं. त्याला त्याच्या चालीने खाऊ द्यायचं. आणि ताण बघ. बोटाने छेडलं की तारेसारखं वाजायला हवं."

दुसरं पातं लावलं, छेडलं, भदकन वाजलं. खुंटी पिळली, मग टणकन वाजलं. आता कापतंय छान, पण मी रेघेवरून सरळ जाते आणि पातं उजवीकडे पळतं. मी डावीकडे ओढते, ते आणखी पळतं.

"पात्याच्या एका अंगाला जास्त धार असते," हे म्हणाले. "त्याच्याशी भांडायचं नाही. फळीच जरा तिरकी धरायची. आणि खाली टेबलाला मेण घास, म्हणजे सरकेल. आणि नाकाला फडकं बांध. आणि बोटं..."

"हे बघा," मी बटण बंद करून म्हणाले, "आता तोंडातून आणखी एक सल्ला निघाला ना, तर आधी तुमची जीभ कापीन. पात्याला धार आहे तोवर."

ह्यांनी तोंड मिटलं. तो सगळ्या संसारातला सर्वांत महाग पडलेला गप्पपणा.

शनिवारी सकाळी दार टेबलावर घेतलं. आता शिवणकामाचा पहिला नियम म्हणजे खूण कापडाच्या उलट्या बाजूला करायची. चांगली बाजू खाली, खडू वरच्या साध्या बाजूवर. हात सवयीनेच चालला. पॉलिशची बाजू खाली घातली, साधी बाजू वर घेतली, आणि लेकीने मोठ्या अक्षरांत छापून दिलेला ‘वाचनालय’ हा कागद सुताराच्या पांढऱ्या गोंदाने पक्का चिकटवला. मागून ह्यांचं खाकरणं ऐकू आलं. मी वळून बघितलं. ते छताकडे बघायला लागले.

मग मी जे कापलंय! आपल्या अक्षरांचं एक बरं असतं, डोक्यावरची रेघ सगळ्यांना धरून ठेवते, दोरीवरच्या कपड्यांसारखी. त्यामुळे शब्द अख्खा एकसंध निघतो. फक्त ‘व’ आणि ‘च’ची पोटं आतून कोरायची. तिथे बारीक भोक पाडायचं, पातं सोडवून भोकातून ओवायचं, पुन्हा अडकवायचं, की झालं काज. काजं तर मी डोळे मिटून करते. कान्याच्या कोपऱ्यात घाई केली नाही, वळणावर श्वास रोखला. हात भरून आले, मान आखडली, पण दुपारी जेवायच्या आत शब्द हातात आला. एक अक्षर डगमगलं नाही. मी स्वतःवरच खूश. (स्वतःवर खूश झालं की समजावं, आता काहीतरी पडणार.)

पॉलिशची बाजू बघावी म्हणून उलटवला.

शब्द माझ्याकडे पाठ करून उभा होता. ‘व’ उजव्या टोकाला, ‘य’ डाव्या टोकाला, सगळ्यांची पोटं भलतीकडे. आरशातलं वाचनालय. कपडा उलटा शिवला तरी शेवटी सुलटा करता येतो, हे डोक्यात इतकं बसलेलं, की अक्षर सुलटं करता येत नाही हे सुचलंच नाही. आणि शिवण चुकली तर उसवता येते. लाकूड कसं उसवणार?

"तुम्हाला दिसलं होतं?" मी ह्यांना विचारलं.

"कागद चिकटवतानाच."

"मग बोललात का नाही?"

ह्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली आणि परत आत घेतली.

"म्हणजे मी मरताना दिसले असते तरी असेच छताकडे बघत बसला असतात?"

"मला वाटलं, शिवणकामात तसंच असेल."

बरं, साधी बाजू वर करून लावावी म्हटलं, तिकडून तरी शब्द वाचता येत होता. वरचा कागद काढला की रंग मारून देऊ. पण कागद निघेना. नखाने खरवडला, चमच्याने खरवडला. मग ओलं फडकं ठेवलं. कागद तसाच राहिला, खालचं प्लायवूड फुगून त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले.

"आधी चिकटपट्टी लावायची असते," हे अगदी हळू म्हणाले. "तिच्यावर कागद. मग पट्टी ओढली की सगळं निघून येतं."

मी नुसतं बघितलं. ते पाणी आणायला गेले.

तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, झाली का पाटी? सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलंय, आमच्या विहीणबाईंनी स्वतः केलीय म्हणून. आजोबांचं दार आहे, म्हणून सकाळपासून नुसत्या भावुक झाल्यात."

"झाली."

"छान झाली?"

"एका बाजूने," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी मी पाटी जुन्या साडीत गुंडाळून नेली. वाटेत हे दोनदा म्हणाले, पडली, मोडली असं सांगू. मी म्हणाले, मी खोटं बोलत नाही, ते तुमचं खातं. एका माणसाची शेवटची आठवण मी आरशात घातली होती, आणि ती बाई मेसेजमधली वेलांटीसुद्धा सोडत नव्हती.

लोक यायच्या आधीच विहीणबाईंना आतल्या खोलीत घेतलं, साडी सोडली आणि म्हणाले, "उलटी झालीय. मी केलीय. तुमच्या वडिलांचं दार मी वाया घालवलं. काय बोलायचं ते मला बोला, लेकीला पुढे एक शब्द बोलायचा नाही."

लेक दारात उभी होती, तिने डोळेच मिटले. विहीणबाईंनी चष्मा लावला. पाटी हातात घेतली, पॉलिशवरून तळवा फिरवला, ‘च’च्या पोटात बोट घालून कड तपासली.

"वळण सुंदर आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "दिशा चुकली. दहापैकी सात."

"सात?" मला रागच आला. "कडा बघा की! एक टवका उडालाय का?"

"बरं, साडेसात. आणि वाया कशाला? बाबांचं लाकूड पुस्तकांजवळच राहील."

बाहेरच्या दाराला त्यांनी पुठ्ठ्यावर खडूने लिहून लावलं, आणि माझी पाटी आत, लहान मुलांच्या कोपऱ्यात खिळ्यावर चढवली. लेकीच्या जिवात जीव आला. मीही पदर सावरून जरा ताठ उभी राहिले. साडेसात म्हणजे काही कमी नाहीत.

लोक आले. मुलं त्या पाटीखाली माना वाकड्या करून वाचायला लागली. दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी बराच वेळ वर बघत होती. मग विहीणबाईंचा पदर ओढून म्हणाली,

"बाई, हे कुणी काढलं?"

"या आमच्या विहीणबाईंनी."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. मी छाती काढून उभी. ती माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि हळूच, इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली,

"रडू नका हं. मीपण बालवाडीत असताना उलटं काढायचे. पहिलीत गेलात की येईल."